मशीनला तेल, माणसांना वेळ: एका कारागिराचे उत्तर

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका बाईंनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईने लग्नानंतर घेतलेले पायमशीन त्यांच्या बाल्कनीत अकरा वर्षे झाकून ठेवलेले आहे. आई कराडला भावाकडे असते. शाळेपासूनच्या दोन मैत्रिणींशी बोलणे होऊन दीड वर्ष लोटले आहे. कुकरची शिट्टी नीट होत नाही, सायकलची साखळी गंजली आहे, आणि प्रत्येक रविवार ‘आज सगळे उरकून टाकू’ असे म्हणत उजाडतो व काहीही न होता मावळतो. वस्तूंची निगा आणि माणसांची विचारपूस या दोन्हींसाठी वेळ कुठून काढायचा, आणि एका वेळी एकच शक्य असेल तर आधी कशाला हात घालायचा, असे त्यांचे विचारणे आहे.

मी सांगलीत शिवणयंत्रे दुरुस्त करतो. १९९१ साली वडिलांच्या हाताखाली दुकानात बसू लागलो, आणि तेव्हापासून घरगुती मशीन, शिंप्यांची मशीन आणि अलीकडे मोटार बसवलेली मशीन एवढेच माझे जग राहिले आहे. नात्यांविषयी बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच आहे. मात्र दुसऱ्याच्या घरी तास-दीड तास खाली मान घालून काम करणाऱ्या माणसाकडे घरातले कोणी फारसे लक्ष देत नाही, आणि त्यामुळे त्याला बरेच काही ऐकू येते, एवढे मात्र खरे.

निगेला लागणारा वेळ लोक फार मोठा समजतात, आणि म्हणूनच तो त्यांना कधी सापडत नाही. तुमच्या मशीनचेच उदाहरण घेऊ. घरच्या घरी, महिन्यातून दोन-चारदा शिवणकाम होत असेल, तर शिवून झाल्यावर सुईखालची पट्टी उघडून कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमध्ये अडकलेला दोऱ्याचा भुसा ब्रशने काढायला दोन-तीन मिनिटे लागतात. महिन्यातून एकदा तेलाच्या छिद्रांत एकेक थेंब सोडून, मशीन दोरा न ओवता मिनिटभर चालवून, खाली फडके ठेवून जास्तीचे तेल टिपून घ्यायला दहा मिनिटे पुरतात. आठ-दहा तासांचे शिवण झाले की सुई बदलावी, त्याला एक मिनिटही लागत नाही. वर्षातून एकदा आमच्यासारख्याकडून शटल, म्हणजे खालचा दोरा धरणारा भाग, उघडून, पट्टा तपासून घ्यावा, त्याला दीड तास धरा. ही सगळी बेरीज वर्षाला चार-पाच तासांच्या पलीकडे जात नाही. चार-पाच तासांसाठी कोणाला रविवार राखून ठेवावा लागत नाही. ते दोन-तीन मिनिटांचे तुकडे योग्य जागी पडावे लागतात, आणि ती जागा म्हणजे शिवण संपल्यानंतर आणि मशीनवर झाकण घालण्याआधी. झाकण घातले की ते काम ‘नंतर’च्या खात्यात जाते, आणि त्या खात्यातून कधी काही परत निघाल्याचे मी पाहिलेले नाही.

याउलट अकरा वर्षे बंद असलेले मशीन माझ्याकडे आले, तर त्यात माझा अख्खा दिवस जातो. वापरामुळे मशीन झिजते हे खरे, पण घरगुती मशीन झिजून मोडलेले मी क्वचितच पाहिले आहे. बहुतेक मशीन नुसत्या उभे राहण्याने बिघडतात. जुने तेल हळूहळू घट्ट होऊन डिंकासारखे चिकटते. दात्यांखाली साचलेला सुती भुसा पावसाळ्यातली ओल धरून ठेवतो आणि त्याच्या खाली लोखंडाला तांबेरा चढतो. चामड्याचा पट्टा वाळून ताठ होतो आणि पहिल्याच फेरीत तुटतो. त्यातही कोणी मशीनचे तेल संपले म्हणून खोबरेल तेल घातलेले असेल, तर विचारूच नका. खाण्याचे कोणतेही तेल हवेने चिकट होते, आणि मग रॉकेलने धुऊन एकेक सांधा सोडवत बसावे लागते. पाणथेंबासारखे स्वच्छ आणि पातळ असे मशीनचे तेल वीस-तीस रुपयांना मिळते, तरी ही चूक मी दर आठवड्याला पाहतो. चूक करणारी माणसे आळशी नसतात. त्यांना त्या क्षणी हाताशी जे असते ते वापरायचे असते, आणि मशीनच्या खणात तेलाची बाटली नसते. म्हणून वेळेच्या आधी जागेचा विचार करा, असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो: ब्रश, तेल, दोन सुया आणि जुने फडके मशीनच्याच खणात असले पाहिजे. स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर ठेवलेले तेल म्हणजे घरात नसलेले तेल.

माणसांच्या बाबतीत हे जसेच्या तसे लागू करणारे सल्ले मी वाचले आहेत, आणि ते मला फारसे पटलेले नाहीत. मशीनला तुम्ही उशीर केला हे कळत नाही. अकरा वर्षांनी तेल घातले तरी ते ‘आता आठवण झाली का’ असे विचारत नाही. माणूस विचारतो, किंवा विचारत नाही आणि मनात ठेवतो, आणि तो विचारेल या भीतीने आपण आणखी लांबणीवर टाकतो. तुमच्या दोन मैत्रिणींच्या बाबतीत वेळ कमी पडला असे मला वाटत नाही. दीड वर्षात दहा मिनिटे कोणालाही सापडतात. पहिले दोन-तीन महिने खरोखर कामाचे गेले असतील, आणि त्यानंतरचे सगळे महिने त्या दोन-तीन महिन्यांच्या संकोचात गेले असतील. मशीन गंजते ते ओलीने. ओळख अवघडते ती अशी, दोन्ही बाजूंनी सारखीच आणि कोणाचाच दोष नसताना. हे मी स्वतःवरून सांगतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

माझी थोरली बहीण मिरजेला असते. सांगली-मिरज म्हणजे दहा-बारा किलोमीटर, शहर बस दिवसभर चालू. तिच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी गेलो नाही. दुकानात लग्नसराईचे काम होते, शिंप्यांची मशीन खोळंबली होती, आणि ‘चार दिवसांनी निवांत जाऊ’ असे मी ठरवले. ते चार दिवस चौदा महिने झाले. त्या चौदा महिन्यांत मी किमान शंभरदा मिरजेला गेलो असेन, गिऱ्हाइकांकडे, सुट्या भागांसाठी, दवाखान्यात. तिच्या गल्लीच्या तोंडावरून गेलो. पण आता नुसते जाता येणार नाही, काहीतरी घेऊन जायला हवे, आधी न येण्याचे कारण सांगायला हवे, आणि त्यासाठी सगळा दिवस मोकळा हवा, असे करता करता ते काम दर महिन्याला मोठे होत गेले. शेवटी एके दिवशी तीच दुकानात आली. रिक्षातून तिने आपले मशीन आणले होते. तक्रार अशी की टाका सुटतो. मी पाहिले तर दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या, दोन चकत्यांमधून न घेता बाहेरून घेतलेला होता. तीस वर्षे ब्लाउज शिवणाऱ्या बाईच्या हातून ही चूक होत नाही. मी दोरा नीट ओवला, एक चिंधी शिवून दाखवली, आणि ती म्हणाली, “झालं का? बरं, मग चहा सांग.” वास्तुशांतीचा विषय तिनेही काढला नाही आणि मीही नाही.

त्या दिवसापासून मी एक पथ्य पाळतो आणि तेच तुम्हाला सांगतो. खंड पडलेल्या नात्यात पहिल्या भेटीला कारण लहान असावे आणि खरे असावे, आणि शक्य असेल तर त्यात आपण काही द्यायला नव्हे, मागायला जावे. भेटवस्तू घेऊन गेलेला माणूस उशिराची भरपाई करायला आल्यासारखा दिसतो. ‘तुझ्याकडची ती मोठी कढई दोन दिवस देशील का’ किंवा ‘आपल्या वर्गातल्या अमकीचा पत्ता आहे का’ असे विचारणारा माणूस मधली दीड वर्षे जणू झालीच नाहीत असे वागतो, आणि समोरच्यालाही तसे वागायची मुभा देतो. खुलासा मागितला गेला तर द्यावा. आपण होऊन तीन परिच्छेदांचा संदेश पाठवू नये. तसला संदेश आला की समोरच्यालाही तेवढेच लांब उत्तर लिहावे लागणार असे वाटते, आणि मग ते उत्तरही रविवारची वाट पाहत बसते.

किती वेळ द्यावा यापेक्षा तो केव्हा द्यावा हे महत्त्वाचे असते, हे मला ऑगस्ट २०१९ च्या महापुराने शिकवले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. निम्म्या गावठाणात घरांच्या तळमजल्यावर पाणी होते, आमचे दुकानही त्यात आले. पाणी उतरल्यावर बायका हातगाडीवर, सायकलच्या कॅरिअरवर, कोणी डोक्यावर, चिखलाने भरलेली मशीन घेऊन यायला लागल्या. अशा मशीनला पहिल्यांदा स्वच्छ पाण्याने धुवावे लागते, हे ऐकून लोक चकित होत. पण गाळ आत वाळला तर तो सिमेंटसारखा धरतो, म्हणून आधी पाणी, मग कडक ऊन, मग रॉकेल, आणि शेवटी भरपूर तेल. पाणी ओसरल्यापासून आठ-दहा दिवसांत जी मशीन आली, त्यांतली बहुतेक मी दोन-दोन तासांत चालू करून दिली. काही घरांतून ती दिवाळी उलटल्यावर आली, कारण आधी भिंती, गाद्या, कागदपत्रे यांतून सवड झाली नव्हती, आणि त्यांना मी दोष देत नाही. पण त्या मशीनवर दोन-दोन दिवस घालवूनही काहींचे शटल जाम ते जामच राहिले. काम तेच होते, कारागीरही तोच होता.

माणसांमध्ये असे आठ-दहा दिवस असतात, आणि आपल्या समाजाने ते ओळखून ठेवले आहेत. मृत्यू झालेल्या घरी तेराव्याच्या आत भेटून यायचे, बाळंतिणीला बाराव्याच्या सुमारास, आजाऱ्याला दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात. ही वहिवाट कोणाला कर्मकांड वाटत असेल. मला ती अनुभवी माणसांनी घालून दिलेली मुदत वाटते. या दिवसांत दिलेली वीस मिनिटे पुढच्या वर्षीच्या दोन दिवसांच्या पाहुणचाराने भरून निघत नाहीत. तेव्हा ज्या आठवड्यात असे काही घडेल, त्या आठवड्यात मशीन, सायकल, माळा सगळे खुशाल पडू द्या. एका वेळी एकच शक्य असेल तर आधी काय, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर इतकेच आहे: जिथे दिवस मोजलेले आहेत तिथे आधी.

वस्तूंमध्येही दिवस मोजलेल्या वस्तू असतात, आणि तुमच्या यादीतला कुकर हा त्यांतला आहे. शिट्टी नीट होत नाही याचा अर्थ वाफेची नळी तुंबलेली असू शकते. शिट्टी काढून नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहा, बारीक तारेने साफ करा, रिंग कडक झाली असेल तर बदला, आणि झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जुना झाला असेल तर त्याच कंपनीचा नवा बसवून घ्या. हे आज रात्रीचे काम आहे, रविवारचे नाही. गॅसच्या रबरी नळीवर मुदतीचे साल छापलेले असते, तेही त्याच वेळी वाचा. सायकलची साखळी मात्र आणखी महिनाभर गंजली तरी कोणाचे काही बिघडत नाही. सगळ्या वस्तू एकाच यादीत आणि एकाच रविवारी लिहिल्या की कुकर आणि सायकल सारख्याच वजनाच्या दिसू लागतात, आणि माणूस त्यांतल्या सोप्या कामाला हात घालून दमून जातो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या आज्या-पणज्यांना तुमच्यापेक्षा अधिक सवड होती असे मला वाटत नाही. पाणी भरणे आणि दळण यांतच त्यांचा अर्धा दिवस जात असे. तरीही त्यांच्या घरातल्या वस्तू टिकल्या आणि येणे-जाणेही टिकले, याचे एक कारण असे की निगेचे दिवस पंचांगात बसवलेले होते आणि ते कोणाला ठरवावे लागत नव्हते. आषाढी अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, घरातले सगळे दिवे, समया, निरांजने चिंचेने किंवा राखेने घासून काढायची. त्यानंतर येणाऱ्या श्रावण-भाद्रपदात ती रोज लागणार असतात. पोळ्याला बैलांना धुऊन त्यांच्या खांद्यांना तूप-हळद लावून शेकायचे. नांगर-वखर ओढून खांदे सोललेले असतात, त्यावरचा तो उपचार आहे. मृगाच्या आधी कोकणात घरे शाकारायची. चैत्र-वैशाखात गोधड्या, धान्य, लोकरीचे कपडे यांना ऊन दाखवायचे. खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे स्वच्छ करून पुजायची. आणि याच पंचांगात माणसेही बसवलेली होती: संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू, चैत्रगौरीची कैरीची डाळ आणि पन्हे, दसऱ्याला सोने द्यायला घरोघर जाणे, भाऊबीज. हळदीकुंकवाला जाण्यासाठी कोणाच्या सवडीची चौकशी करावी लागत नसे. त्या दिवसांत दार उघडेच आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असे, आणि न बोलावता गेल्याचा संकोच नसे. तुम्ही ज्याला ‘वेळ काढणे’ म्हणता, त्यात प्रत्येक वेळी नव्याने ठरवणे, विचारणे, जुळवणे आणि रद्द करणे आहे, आणि माणूस थकतो तो या जुळवाजुळवीने.

यातले किती आपण ठेवले आहे? खंडेनवमीला मी दरवर्षी पाहतो. मशीन पुसलेले असते, त्यावर झेंडूची माळ असते, हळदीकुंकवाची बोटे असतात, आणि तेलाचा थेंबही नसतो. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या मशीनच्या छिद्रांतून तेलात कालवलेले कुंकू निघते, आणि ओल्या फुलांखाली रंगावर डाग पडलेले असतात. पूजा राहिली आणि ज्यासाठी पूजा होती ते राहून गेले. मी गिऱ्हाइकांना म्हणतो की हार घालण्याआधी तेल घाला, आणि कुंकू लावायचेच तर छिद्रांपासून दूर, पाटावर लावा. चेष्टेत म्हणतो, पण ऐकतात.

तेव्हा माझा सल्ला असा की रविवार सोडून द्या. रविवारावर आधीच सगळ्यांचा हक्क आहे. त्याऐवजी वर्षातले सहा-सात दिवस कायमचे नेमून टाका, जे दरवर्षी आपोआप येतात आणि जे तुमच्या घरात आधीपासूनच काहीतरी अर्थ बाळगून आहेत. खंडेनवमीला मशीन, सायकल, सुऱ्या, कात्र्या. दिव्यांच्या अवसेला पंखे, दिवे, विजेची बटणे आणि वायरी. होळीनंतरच्या पहिल्या उन्हात गाद्या आणि गोधड्या. तुमच्या घरी सणवार नसतील तर घरातल्या कोणाचा वाढदिवस घ्या, पगारवाढीचा महिना घ्या, काहीही चालेल, पण तो दिवस पुन्हा पुन्हा ठरवावा लागू नये. आणि त्या प्रत्येक दिवसाला एक माणूस बांधून टाका. गाद्यांना ऊन दाखवण्याच्या दिवशी अमुक मैत्रीण जेवायला असते, हे एकदा दोन वर्षे झाले की तिसऱ्या वर्षी तीच विचारते, यंदा कधी.

माणूस आणि वस्तू एकत्र बांधा असे मी म्हणतो, त्यामागे वेळ वाचवण्याचा हिशेब आहेच, पण एवढाच नाही. समोरासमोर बसून ‘बोला’ म्हटले की पुष्कळ माणसांना बोलता येत नाही, विशेषतः आपल्याकडच्या पुरुषांना आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना. हातात काम असले आणि नजर कामावर असली की तीच माणसे बोलतात. मी मशीन उघडून बसलो असताना सासू-सुना, बाप-लेक माझ्यादेखत जे एकमेकांना सांगतात, ते त्यांनी जेवणाच्या टेबलावर सांगितले नसते. स्क्रू धरायला दिलेल्या मुलाने बापाला नापास झाल्याचे माझ्यासमोर सांगितलेले आहे, आणि बापाने ‘तो पाना दे’ म्हणून ते ऐकून घेतलेले आहे.

महात्मा गांधींना यंत्रांचे वावडे होते असे म्हणतात, पण १९२४ मध्ये झालेल्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद ठरवले. बायकोला हाताने शिवण करून दमलेली पाहून सिंगर यांनी तिच्यावरील प्रेमापोटी ते यंत्र बनवले, असे ते म्हणाले होते. माझ्या वडिलांना ही गोष्ट फार आवडे आणि ते ती प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत. खरा इतिहास इतका गोड नाही. आयझॅक सिंगर यांचा संसार काही आदर्श नव्हता, आणि १८५० साली बॉस्टनच्या एका कारखान्यात दुरुस्तीला आलेले दुसऱ्यांचे सदोष यंत्र पाहून त्यांनी त्यात सुधारणा केल्या. १८५१ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. म्हणजे आमचे हे यंत्र दुरुस्तीच्या बाकावरच जन्मले. मला ही खरी गोष्ट अधिक आवडते, पण गांधीजींच्या गोष्टीतही एक निरीक्षण बरोबर आहे: घरातले शिवणयंत्र कोणाच्या तरी हातांशी जोडलेले असते, आणि ते पाहिले की ते हात आठवतात.

आता थोडे अप्रिय. तुमचा प्रश्न एका बाईचा आहे, आणि मला तो नेहमी बायकांकडूनच येतो. पुरुष मशीन घेऊन दुकानात येतात, मी विचारतो की तक्रार काय आहे, आणि ते म्हणतात, “थांबा, तिला फोन लावतो.” कुकरची रिंग केव्हा बदलली, कोणाच्या मावशीचे ऑपरेशन केव्हा आहे, मुलाच्या मित्राच्या आईला वाढदिवसाला काय द्यायचे, हे सगळे एकाच डोक्यात असते, आणि ते डोके ज्याचे असते त्यालाच वेळ पुरत नाही. अशा घरात मदत मागून उपयोग होत नाही, कारण आठवण करून देण्याचे काम पुन्हा तुमच्याकडेच राहते. पूर्ण वस्तू सोपवा. सायकल नवऱ्याची म्हणजे तिची हवा, साखळी, ब्रेक, दुकान, पैसे सगळे त्याचे. ती गंजली तर गंजू द्या आणि गप्प राहा. त्याच्याकडच्या नात्यांची विचारपूस त्याची. सुरुवातीला काही फोन राहून जातील आणि बोल तुम्हाला लागतील. आपल्याकडे असेच होते. तरीही दोन वर्षांत घडी बसते, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे. आमच्याकडे ती घडी बसायला उशीर लागला, आणि तो दोष माझा होता.

जे पैसे देऊन करून घेता येते ते करून घ्यायलाही कचरू नका. पंखा साफ करणे, सुऱ्यांना धार लावणे, पितळी भांड्यांना कल्हई, गादीचा कापूस पिंजून घेणे यासाठी माणसे आहेत आणि त्यांना कामाची गरज आहे. कल्हईवाले आता शोधावे लागतात, पण सापडतात. आईशी बोलायला मात्र माणूस नेमता येत नाही. आणि ज्या वस्तूची निगा तुम्ही स्वतः करणार नाही, करून घेणार नाही आणि जिच्याशी कोणाची आठवण जोडलेली नाही, ती वस्तू सरळ देऊन टाका. घरात आलेली प्रत्येक वस्तू वर्षाचे काही तास मागते. मिक्सर, प्युरिफायर, ट्रेडमिल सगळीच मागतात. विकत घेताना किमतीच्या चिठ्ठीवर ते तास लिहिलेले नसतात, एवढेच. माणसांच्या बाबतीत मी असे छाटणीचे बोलणार नाही. सगळ्यांना सारखा वेळ लागत नाही. काहींशी रोज दोन वाक्ये लागतात, काहींशी वर्षातून एक दिवाळी पुरते, आणि वर्षातून एकदा पुरणाऱ्या माणसाला रोज सकाळी फुलांचे चित्र पाठवणे म्हणजे छिद्रातून तेल ओसंडेपर्यंत ओतणे. ते शेवटी कापडावरच सांडते.

राहिले तुमचे पायमशीन. ते मेलेले नाही. बाल्कनीतून आत आणा, चाक जोर लावून फिरवू नका. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, आणि तिची डबी काढून ठेवा, पट्टी उघडून भुसा काढा, सगळ्या सांध्यांत थोडे रॉकेल सोडून रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी चाक हाताने पुढे-मागे हलवत हळूहळू सोडवा. गच्चपणा गेला की रॉकेल पुसून तेल घाला, आणि मगच पट्टा चढवा. तो नवाच घ्यावा लागेल. मशीनच्या डोक्यावरची, म्हणजे वरच्या भागातली, तेलाची छिद्रे सहज सापडतील. पण खाली पायाच्या लोखंडी चौकटीत, पायट्याच्या दोन्ही टोकांना आणि मोठ्या चाकाच्या आसापाशी तेल घालायच्या जागा असतात, आणि वेगवेगळ्या मशीनमध्ये त्या वेगवेगळ्या ठिकाणी दडलेल्या असतात. नवख्याला त्या दिसत नाहीत. तुमच्या आईंनी त्यांत वर्षानुवर्षे तेल घातलेले आहे. तेव्हा तेलाची बाटली हातात घेऊन कराडला व्हिडिओ कॉल लावा, फोन खाली जमिनीजवळ धरा आणि त्यांना विचारा, इथे का?